कसलं काय, वेळ जावा म्हणून खेळतो

नागेश कुंभोजकरचं कोणी कौतुक केलं, की अंगावर पाल पडल्यासारखा तो ते झटकून टाकतो. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. तो टीमलायटर, म्हणजे टीमचा प्रमुख, झाला तेव्हा त्याने आम्हाला घरी जेवायला बोलावलं होतं. आमच्या ऑफिसातला एक जर्मन सहकारीही होता, म्हणून बोलणं जर्मनमध्ये चाललं होतं. मी अभिनंदन केलं, तर नागेश म्हणाला, "अगं, दुसरं कोणी तयारच नव्हतं, म्हणून माझ्या गळ्यात मारलं." आम्ही हसलो. तो सहकारी हसला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन गंभीरपणे विचारलं, की खरंच कोणी अर्ज केला नव्हता का, कारण मग त्यानेही केला असता.

त्याची बायको लता श्रीखंड असं करते, की शेजारच्या फ्राऊ आम्लर वास आल्यावर कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात. एकदा त्यांना वाटी देताना नागेश म्हणाला, "आज जरा बिघडलंय, गोड मानून घ्या." बाईंनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, फ्रीजच्या बाहेर किती वेळ होतं? लता दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

मी वैभवी. नागेश आणि मी ब्रेक बनवणाऱ्या एकाच कंपनीत आहोत आणि राहतोही जवळजवळ, त्यामुळे बरीच वर्षं एकाच गाडीने कामाला जातो. गाडी त्याची, बडबड माझी. गाडीत माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, समोर रस्त्याकडे बघतात, म्हणून बऱ्यापैकी खरं बोलतात. पुढचं सगळं मला त्या गाडीतच कळलं आहे. जे तिथे कळलं नाही ते लताने सांगितलं.

नागेश मूळचा जयसिंगपूरचा. त्याचे वडील भास्करराव शाळेत गणित शिकवायचे. नागेश बोर्डात आला तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या पाहुण्यांना भास्करराव म्हणाले होते, "यंदा पेपर सोपे होते." हे नागेश मला अभिमानाने सांगतो, विशेष म्हणजे वडिलांबद्दलच्या अभिमानाने. मी म्हटलं, अरे, वाईट नाही वाटलं तुला? तर म्हणाला, "वाईट कशाला? आळीत कुणी वाटले नव्हते एवढे पेढे वाटले अण्णांनी. तोंडाने बोलायचं असतं का सगळं? आणि दृष्ट लागते, ते वेगळंच." म्हणजे बापाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पेढ्यांच्या खोक्यांकडे बघायचं, हे त्याला कोणी न शिकवता येत होतं. आम्हाला सगळ्यांनाच येतं. माझी आईसुद्धा माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंना म्हणाली होती, की हिला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या बाबतीत ते खरं होतं, ते सोडा.

नागेशचा मुलगा मल्हार मात्र इथे जन्मला. मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देतो. लताच्या माहेरची माणसं ताडमाड, तो त्यांच्यावर गेला. शाळेतल्या बाईंनी त्याची उंची बघून त्याला बास्केटबॉलच्या फेराइनमध्ये, म्हणजे गावच्या क्लबात, नेऊन बसवलं आणि मग तो तिथून उठलाच नाही. सकाळी शाळेच्या आधी हालेत, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, जाऊन एकटा बास्केटमध्ये चेंडू टाकत बसायचा. हालेची किल्ली सांभाळणारा हाउसमाइस्टर त्याच्यासाठी लवकर यायचा. कोणासाठी जर्मन हाउसमाइस्टर लवकर येतो, याचा अर्थ इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता जर्मन फेराइनमध्ये आईबापांना नुसतं बसून टाळ्या वाजवता येत नाहीत. कोणी केक भाजून आणायचा, कोणी सगळ्या टीमच्या घामट जर्स्या धुवायच्या, कोणी पोरांना गाडीत कोंबून दुसऱ्या गावी न्यायचं. नागेशच्या वाट्याला टेबल आलं. मैदानाच्या कडेला एक टेबल असतं, तिथे गुण लिहिणारे आणि घड्याळ चालवणारे बसतात. त्या टेबलाला जर्मनमध्ये कांफगेरिष्ट म्हणतात, शब्दशः लढाईचं न्यायालय. शब्द ऐकून वाटतं युद्धगुन्हेगारांना फाशी देणार आहेत. नागेशने रीतसर त्याचा कोर्स केला आणि तो घड्याळवाला झाला. पंचाची शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, चेंडू हाताला लागला की सुरू करायचं. ब्रेकच्या चाचण्या घेणारा माणूस, त्याच्याहून चांगला घड्याळवाला सबंध बव्हेरियात मिळायचा नाही. मल्हारचा घरच्या मैदानावरचा एकही सामना त्याने चुकवला नाही.

मल्हार इथल्याच होखशूलेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कॉलेजात, मेकॅनिकल करायला लागला. तिसऱ्या सेमिस्टरला असताना कानावर यायला लागलं, की दुसऱ्या बुंडेसलिगातल्या, म्हणजे देशातल्या दोन नंबरच्या लीगमधल्या, एका क्लबचा प्रशिक्षक तरुण मुलं शोधतो आहे आणि आमच्या टीमवर त्याचा डोळा आहे. तिथे जायचं म्हणजे पगारी खेळाडू व्हायचं, दिवसातून दोनदा सराव, आठवड्याला प्रवास, आणि शिक्षण गुंडाळून ठेवायचं. अजून कोणी विचारलंही नव्हतं, पण मराठी माणसाला बाजारात तुरी असताना भांडायला आवडतंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात हा एकच विषय होता. पीएचडी करणारा गौरांग म्हणाला, "डिग्री तिशीतसुद्धा घेता येते, उडी तिशीत मारता येत नाही." मी म्हटलं, गुडघ्यातलं एक लिगामेंट तुटलं की हातात काय राहतं? माझं मत कॉलेजच्या बाजूने होतं, आजही आहे. भास्करराव जयसिंगपुरातून फोनच्या पडद्यावर येऊन म्हणाले, "चेंडू टाकून पोट भरतं का रे कुणाचं?" लता एकटी शांत होती. "जाऊ दे त्याला. नाही जमलं तर परत येईल. इथे शिकायला वयाची अट आहे का?"

नागेश कोणत्याच बाजूने बोलत नव्हता. शेवटी घरी जेवताना तो मल्हारला म्हणाला, "तुला विचारलं, तर तू ठरव. मी मध्ये बोलणार नाही."

मल्हारने ताटातून डोकं वर काढलं. "एष्ट?" म्हणाला, म्हणजे खरंच?

"खरंच," नागेश म्हणाला. लता सांगते, पोराने त्या दिवशी न मागता ताटं विसळली.

फेब्रुवारीतल्या एका सामन्याला तो प्रशिक्षक खरोखरच आला. श्टाडलर त्याचं नाव. सामना आमच्या टीमने जिंकला, मल्हार अंघोळीला गेला, आणि नागेश टेबलापाशी घड्याळाची वायर गुंडाळत होता. श्टाडलर त्याच्याकडे आला.

"तुम्ही मल्हारचे वडील ना? चांगला खेळला आज."

नागेशने मान हलवली.

"मला एक मुलगा हवाय," श्टाडलर म्हणाला. "पण माझ्याकडे यायचं तर कॉलेज सोडावं लागतं. ज्याच्यासाठी बास्केटबॉल सगळ्यात आधी आहे, असाच मुलगा टिकतो. तुमचा मुलगा तसा आहे का?"

आणि नागेश वायरीला शेवटचा वेढा देत म्हणाला, "छे हो, तो कसला खेळाडू. वेळ जावा म्हणून खेळतो. त्याचं खरं लक्ष अभ्यासात असतं."

"आख झो," श्टाडलर म्हणाला, म्हणजे अस्सं होय. मग त्याने हात पुढे केला. "बरं झालं स्पष्ट सांगितलंत. मी बऱ्याच आईबापांशी बोलतो, सगळे आपलं पोर आभाळात नेऊन बसवतात. इतकं प्रामाणिक कोणी बोलत नाही."

सोमवारी गाडीत नागेशने हे मला सांगितलं. इतका खुशीत होता की नेहमीपेक्षा जरा जोरात चालवत होता. "तो प्रशिक्षक स्वतःहून आला होता. मल्हारचं कौतुक करत होता. माझा हात हातात घेतला." मी विचारलं, मग तू काय म्हणालास? "काय म्हणणार? म्हटलं, कसलं काय, वेळ जावा म्हणून खेळतो." मी हसले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आम्ही एकाच मातीतले. त्याच्या डोक्यात सरळ होतं: आपण नम्रपणे नाही म्हटलं, आता समोरचा आग्रह करेल, मग आपण म्हणू, बघा बुवा, त्यालाच विचारा. दुसऱ्यांदा वाढायला आलेल्या माणसाला आपण नको नको म्हणतो, तसं. जर्मन माणसाला नको म्हटलं की तो भांडं उचलून आत नेतो, हे इतकी वर्षं इथे काढून त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण जीभ जयसिंगपूरची होती.

फोन आला नाही. मल्हार फोन पालथा घालून अभ्यासाला बसायचा आणि दर थोड्या वेळाने उलटा करून बघायचा, असं लताने सांगितलं. एप्रिलमध्ये बातमी आली की त्याच्याच टीममधल्या कोर्बिनियानला घेतलं. कोर्बिनियान चांगला मुलगा, खेळतोही बरा. पण मल्हार नसला की तो गोंधळतो, हे केक विकणाऱ्या बायकासुद्धा सांगतील.

मल्हारने काही तमाशा केला नाही. कोर्बिनियानला मिठी मारून शुभेच्छा दिल्या. सकाळचं हालेत जाणं तेवढं बंद झालं. हाउसमाइस्टरने नागेशला विचारलं, पोरगा आजारी आहे का? नागेश म्हणाला, परीक्षा आहे.

हंगाम संपल्यावर मे महिन्यात क्लबचं ग्रिलिंग असतं. तिथे कोर्बिनियानचा बाप सॉसेज उलटता उलटता नागेशला म्हणाला, "मला तर वाटलं होतं, तुझ्याच मुलाला घेतील. श्टाडलर त्याच्यासाठीच आला होता ना. पण तू श्टाडलरला सांगितलंस म्हणे, की त्याला यात रस नाही. ठीकच आहे, प्रत्येकाचं वेगळं असतं." आणि त्याने नागेशच्या पाठीवर थाप मारली.

नागेश पाव हातात घेऊन उभा राहिला. मल्हार तिकडे टेबलावर बाकीच्या पोरांबरोबर पत्ते खेळत होता.

त्या सोमवारी गाडीत त्याचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं. आमची हायवेवरून बाहेर पडायची वाट चुकली, पुढच्या गावावरून फिरून यावं लागलं, आणि त्या फेऱ्यात त्याने मला सगळं सांगितलं. मी मनात काही ठेवणारी बाई नाही. म्हटलं, "नागेश, पोराला शब्द दिला होतास, मध्ये बोलणार नाही म्हणून. मध्ये नाही बोललास, तू शेवटचंच बोललास. आता आधी घरी जाऊन त्याला सांग."

"सांगून काय होणार? जागा तर गेली."

"त्याला वाटतंय की तो कमी पडला. ते तरी जाईल."

"सांगतो," तो म्हणाला. "परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. मल्हारला असे भरघोस मार्क पडले, की होखशूलेतल्या प्राध्यापकाने त्याला बोलावून घेतलं. भास्कररावांनी पडद्यावर येऊन नातवाला नाही, मुलाला शाबासकी दिली: "पोरगं मार्गी लागलं. तूच नीट समजावलं असशील." नागेश फोन लताच्या हातात देऊन अंगणात गेला आणि कापलेलंच गवत पुन्हा कापत बसला. मला म्हणाला, "अण्णांनी माझ्या पोटात सुरी फिरवली असती तरी चाललं असतं."

त्याचा अपराध त्याला असा आतून कुरतडत होता, आणि बाहेरून तो एखाद्या घरजावयासारखा पोराच्या मागेपुढे करत होता. सकाळी उठून त्याला पोहे करून द्यायचा. त्याने न मागितलेले बूट आणायचा. कुठे जायचं म्हटलं की "मी सोडतो" म्हणून किल्ली घेऊन उभा. मल्हार म्हणायचा, "पापा, मला गाडी चालवता येते." सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला आणि मल्हारने टीम सोडली. अभ्यास वाढला म्हणाला. कोणी काही विचारलं नाही, कारण ते पटण्यासारखं होतं. मला तर विशेष पटलं असायला हवं होतं. मीच ना संक्रांतीला कॉलेजची वकिली केलेली? पण पोरगं कॉलेजात राहिलं ते ठरवून नव्हे, मान खाली घालून राहिलं. मला हवं होतं ते झालं होतं आणि ते बघवत नव्हतं.

नागेशला मात्र टेबल सोडता येईना. क्लबात दुसरा घड्याळवाला नाही. दर घरच्या सामन्याला तो एकटा जायचा आणि मुलगा नसलेल्या टीमचं घड्याळ चालवायचा. मी म्हटलं, नाही म्हणून सांग त्यांना. तो म्हणाला, "माझ्यासाठी हीच शिक्षा बरी आहे." मला राग आला. शिक्षा वगैरे मोठे शब्द वापरून माणसं साधं काम टाळतात. म्हटलं, "तू तिथे बसून कोणाला शिक्षा देतोयस? मल्हार घरी एकटा बसलाय. त्याला एक वाक्य सांगायचंय तुला. तेवढं सांगवत नाही, म्हणून बाकी सगळं करतोयस." त्यावर त्याने रेडिओचा आवाज वाढवला. पण पुढच्याच शनिवारी लताला न सांगता श्टाडलरच्या क्लबाचा सामना बघायला गेला.

सामना संपल्यावर तो श्टाडलरला भेटला. म्हणाला, फेब्रुवारीत मी जे बोललो ते तसं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?" श्टाडलरने विचारलं.

"खोटं नाही. आमच्याकडे स्वतःच्या मुलाला चांगलं म्हणत नाहीत."

श्टाडलर म्हणाला, "चूक माझी आहे. मी मुलाला विचारायला हवं होतं. पण साहेब, तुम्हीही विचारायला हवं होतं." यंदाची टीम भरली होती. उन्हाळ्यात नव्या मुलांची चाचणी असते, तिला यायचं असेल तर मल्हारने स्वतः फोन करावा, त्याच्या वतीने कोणी नको, असं सांगून तो गेला.

आता नागेशला पळायला जागा उरली नाही. रविवारी सकाळी मल्हार स्वयंपाकघरात ऑम्लेट करत होता, लता वरच्या मजल्यावर होती. नागेश त्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पाठीशी बोलावं तसं सगळं बोलून मोकळा झाला. श्टाडलर आला होता, त्याने काय विचारलं, आपण काय म्हणालो.

मल्हारने गॅस बारीक केला. "माहीत आहे मला," तो म्हणाला. अर्थात जर्मनमध्ये, मी मराठीत सांगते आहे. "कोर्बिनियानने सांगितलं. एप्रिलमध्येच."

"मग मला विचारलं का नाहीस? भांडला का नाहीस?"

"काय भांडायचं?" मल्हार वळला. "श्टाडलरने मला एकदा बघितलं. तो म्हणाला असता की मी काही खास नाही, तर मी म्हटलं असतं, त्याला काय कळतं. पण तू माझा एकेक सामना टेबलावर बसून बघितलास. पापा, तुझ्याइतका मला कोणीच बघितलेला नाही. मला वाटलं, तुला जे दिसलं ते तू सांगितलंस."

हे मला सांगताना नागेशने गाडी कडेला घेतली. थांबण्याची जागा नव्हती ती, मागून हॉर्न वाजत होते. पोराने टीम सोडली ती जागा गेली म्हणून नव्हती. बापाचा निकाल मानून सोडली होती.

नागेशने त्याला समजावायचा प्रयत्न केला. आपल्यात असं बोलतात. दृष्ट लागते. लोकांसमोर आपल्याच मुलाचे गोडवे गाणं वाईट दिसतं.

"लोकांसमोर नाही, कळलं," मल्हार म्हणाला. "मग कुठे? घरी कधी म्हणालास?"

नागेश आठवायला लागला. त्याला एक वाक्य आठवेना. तोंडावर कौतुक केलं की मुलं शेफारतात म्हणून घरीही तो हेच म्हणायचा: ठीक होतं, पुढच्या वेळी बघू. अण्णांच्या पेढ्यांच्या जागी त्याने काय वाटलं होतं? तर दर आठवड्याला टेबलावर जाऊन बसला होता. पोराला ती मोजणी कोणी शिकवली नव्हती.

मग तो बोलायला लागला. त्या स्वयंपाकघरात उभा राहून, कधी मराठीत, कधी जर्मनमध्ये. लहानपणी एकदा उजव्या हाताला पट्टी असताना डाव्या हाताने तू सामना काढलास. रेगन्सबुर्गच्या त्या उंच पोराला कसं सतत त्याच्या डावीकडे ढकलत नेलंस, कारण त्याचा डावा पाय कच्चा आहे हे तुला पहिल्याच मिनिटात दिसलं होतं. स्वतःला टाकता येत असताना कोर्बिनियानला चेंडू देतोस, कारण तो रडवेला झालेला असतो. शेवटच्या सेकंदांत तू माझ्याकडे कधी बघत नाहीस, घड्याळाकडेही बघत नाहीस, तुला वेळ आतून कळते. असं मी दुसऱ्या कोणातही बघितलेलं नाही, आणि तिथे मोठमोठ्या टीम येऊन गेल्या. लता जिन्यावर येऊन उभी राहिली होती. ती म्हणते, लग्नापासून हा माणूस कधी इतकं बोलला नव्हता. ऑम्लेट गार झालं. मल्हार ओट्याला टेकून ऐकत होता आणि हळूहळू त्याचा चेहरा खुलण्याऐवजी मिटत चालला होता.

"हे सगळं तुला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"होतं."

"आणि तरी तू त्याला तसं सांगितलंस."

नागेश मला म्हणाला, "वैभवी, तेव्हा मला कळलं की मी स्वतःच स्वतःला पकडून दिलंय. जितकं चांगलं सांगत गेलो तितका जास्त दोषी ठरत गेलो. दृष्टबिष्ट म्हणायला तोंडच राहिलं नाही."

"मग काय म्हणालास?"

"खरं तेच म्हणालो. म्हटलं, मला भीती वाटली. तू गेला असतास. कॉलेज सुटलं असतं, गुडघा गेला असता, आणि तू घरात नसतास. श्टाडलरने विचारलं तेव्हा कसलं काय हे नेहमीचं तोंडात आलं, पण पुढचं मी मुद्दाम बोललो. अभ्यासाचं. ते बोलताना मला आतून बरं वाटलं होतं. वैभवी, ते मी तुलाही सांगितलं नव्हतं."

नव्हतं सांगितलं. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी तो इतक्या खुशीत का होता, ते मला आता कळलं. मागचे हॉर्न वाढले म्हणून मी म्हटलं, चल, पुढे घे. त्याने गाडी रस्त्यावर घेतली. कंपनीची पार्किंग दिसायला लागली.

"श्टाडलरचा नंबर दिलास?" मी विचारलं.

"दिला. त्याने घेतला."

"मग फोन करणार का तो?"

"मी विचारलं नाही," नागेश म्हणाला. "ते विचारायला आता मला तोंड नाही." त्याने गाडी नेहमीच्या जागी लावली, चावी काढली आणि तसाच बसून राहिला. "नंबर खिशात घातला, ऑम्लेट ताटात घेतलं, आणि जाता जाता म्हणाला, पापा, एवढं सगळं कशाला केलंस? 'जाऊ नकोस' म्हणाला असतास, तर मी राहिलो असतो. कॉलेजही केलं असतं. आणि खेळतही राहिलो असतो."